यमद्वितीयेचे पान आणि दूरदेशीचे प्रस्थान

दीपावली हा प्रकाशाचा, आनंदाचा आणि लक्ष्मीच्या आगमनाचा सण आहे, हे आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु हाच सण निरोपाचाही आहे, ही गोष्ट फराळाच्या ताटांपुढे आपल्या ध्यानी सहसा येत नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण दक्षिणेकडे ज्योत करून यमासाठी दिवा ठेवतो. नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण सांगितले आहे. यमद्वितीयेला तर नावच त्या देवावरून पडले. धर्मनिबंधांत या दिवसांतील प्रदोषकाळी उल्कादर्शनाचा विधी आहे. महालयाच्या निमित्ताने भूलोकी आलेले पितर आपल्या स्थानी परत जाऊ लागतात, त्यांना काळोखात वाट दिसावी म्हणून पेटती चूड उंच धरायची, असा त्याचा हेतू. येणाऱ्या लक्ष्मीसाठी जसा दिवा लावायचा, तसाच जाणाऱ्या आप्तांसाठीही लावायचा, अशी ही थोर योजना आहे.

या विषयाचे स्मरण आम्हांस होण्यास कारण आहे. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगावी जाणे होते. मंगलारती झाली की मंडळी नमस्काराला येतात आणि चार शब्द बोलतात. मागील कित्येक वर्षे दिवाळीच्या सुमारास एक वाक्य हमखास कानी पडते : 'बुवा, मुलगा परदेशी निघाला आहे, आशीर्वाद द्या.' कोणाचा मुलगा जर्मनीला, कोणाची लेक अमेरिकेला, कोणाचे जोडपे ऑस्ट्रेलियाला. घरात पणत्या लागलेल्या असतात आणि कोपऱ्यात मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या असतात. आईच्या एका हातात चकलीचा सोऱ्या आणि दुसऱ्या हातात सामानाची यादी असते. अशा घरांतील माणसे पुष्कळ प्रश्न विचारतात. जाण्यापूर्वी कोणाकोणाकडे जावे? कोणते कुळाचार करावेत? तिकडे तिथी कशी पाळावी? त्या सर्वांस एकत्र उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यम बहिणीच्या घरी गेला

यमद्वितीयेची कथा सर्वांस परिचित आहे, तरी ती पुन्हा एकदा मन लावून पाहावी. यम आणि यमुना ही सूर्याची अपत्ये. भाऊ धर्मराज झाला, प्राणिमात्रांच्या पापपुण्याचा निवाडा करू लागला. बहीण नदी होऊन भूतलावर वाहू लागली. यमुना भावाला वारंवार निरोप धाडी, 'एकदा माझ्या घरी जेवायला ये.' यम कार्यबाहुल्यामुळे ते पुढे ढकलीत राही. अखेर कार्तिक शुद्ध द्वितीयेला तो निघाला. नरकातील जीवांस त्या दिवशी मोकळीक मिळाली. यमुनेने भावाला स्नान घातले, ओवाळले, स्वहस्ते रांधून जेवू घातले. यमाने तिला वस्त्रालंकार दिले आणि वरही दिला. तेव्हापासून या दिवशी पुरुषाने आपल्या घरी न जेवता बहिणीच्या हातचे अन्न घ्यावे, असा शास्त्रार्थ आहे. सख्खी बहीण नसेल तर चुलत बहिणीकडे, तीही नसेल तर मित्राच्या भगिनीस बहीण मानून तिच्याकडे जावे. मथुरेस विश्रामघाटावर आजही या दिवशी भाऊबहिणी एकत्र यमुनास्नान करतात. आपल्याकडे ज्या भगिनीस भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. कोणीही या दिवसावाचून वंचित राहू नये, अशी परंपरेची दृष्टी आहे.

या कथेतील दोन गोष्टींकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष नेहमी वेधतो. पहिली ही की, ज्याच्या दारी प्रत्येकाला एक दिवस जावेच लागते तो यम स्वतः बहिणीच्या दारी गेला. त्याने तिला आपल्या नगरीत बोलावून घेतले नाही. दुसरी ही की, 'वेळ नाही' ही सबब त्याच्याही मुखी होती. सगळ्यांचा काळ मोजणाऱ्या देवालाच जर बहिणीसाठी वेळ काढावा लागला, तर चार दिवसांच्या रजेवर आलेल्या आपल्या मुलांना तो काढता येणार नाही, असे कसे म्हणावे?

समुद्रापलीकडे जाण्याचा जुना वाद

परदेशगमनासंबंधी जुन्या घरांतून अजूनही कोठे कोठे शंका निघते, म्हणून शास्त्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणला असून त्यास तीन वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले आहे. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी उत्तरेकडील लोकांच्या विशेष आचारांत समुद्रगमनाचा उल्लेख येतो. म्हणजे निषेध होता आणि लोक जातही होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात समुद्रयात्रा करणारा ब्राह्मण श्राद्धास वर्ज्य ठरविला आहे, तर आठव्या अध्यायात समुद्रयानात कुशल अशा व्यापाऱ्यांनी ठरविलेला व्याजाचा दर प्रमाण मानावा, असे म्हटले आहे. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात बंधन अधिक कठोर झाले आणि प्रायश्चित्त घेतलेल्या द्विजासही व्यवहारात घेऊ नये, इथपर्यंत मजल गेली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासात या सर्व वचनांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

समुद्र अपवित्र म्हणून हा निषेध आला, असे मात्र नाही. पर्वकाळी समुद्रस्नान पुण्यकारक मानले आहे आणि नारळी पौर्णिमेस आपण सागराची पूजा करतो. आमच्या अल्प मतीप्रमाणे निषेधाचे मर्म असे की, महिनोन् महिने गलबतावर राहणाऱ्याचे स्नानसंध्यादी नित्यकर्म, अन्नोदकाचे नियम आणि घरचा अग्नी ही तिन्ही सुटत. घर सुटणे हाच खरा दोष मानला गेला होता.

या निषेधाची धग आपल्या महाराष्ट्राने अनुभवली आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. जाण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूर येथे जाहीर सभेत आपण परदेशी का जात आहोत, हे इंग्रजीतून स्पष्ट केले होते. अठरा वर्षांच्या त्या मुलीला समाजापुढे उभे राहून निरोप मागावा लागला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे काळ पालटत गेला. १९०२ साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह इंग्लंडला गेले तेव्हा त्यांनी चांदीच्या प्रचंड घागरी गंगाजलाने भरून बरोबर नेल्या. त्या आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. लोकमान्य टिळकही १९१८ साली विलायतेस गेले.

आज हा निषेध व्यवहारात उरलेला नाही. परंतु त्याच्या मुळाशी असलेली चिंता उरली आहे. समुद्र ओलांडला म्हणून कोणी पतित होत नाही. पण घराचा धागा हातून सुटला, तर माणूस कोठेही राहिला तरी एकटा पडतो. तो धागा जाण्यापूर्वी घट्ट करून घेणे, हेच आजच्या काळातील खरे प्रायश्चित्त. आणि ते आधीच घ्यावयाचे आहे.

श्रीरामांनी घेतलेला निरोप

दूरच्या प्रवासाला निघताना निरोप कसा घ्यावा, याचा आदर्श वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात आहे. आम्ही या प्रसंगाचे आख्यान लावले की सभामंडपात डोळे पुसण्याचा आवाज ऐकू येतो, आणि तो वाल्मीकींचा महिमा आहे, आमचा नव्हे.

चौदा वर्षांचा वियोग समोर उभा असताना कौसल्या प्रथम शोकाकुल होते. पण रामाचा निश्चय ढळत नाही, असे पाहताच ती अश्रू आवरते, आचमन करते आणि पुत्राचे स्वस्त्ययन करते. देव, ऋषी, पर्वत, समुद्र, नद्या, नक्षत्रे, ऋतू, मास, दिवस आणि रात्र या सर्वांना ती रामाचे रक्षण करण्यास विनवते. पुढे तिचे मातृहृदय किती बारीकसारीक गोष्टींपर्यंत पोहोचते ते पाहा. वनातले राक्षस आणि व्याघ्र तिला आठवतातच, पण विंचू, गोमाश्या आणि डासदेखील माझ्या मुलाला चावू नयेत, असे ती म्हणते. मग ती होम करविते, विशल्यकरणी नावाची औषधी रक्षा म्हणून योजते आणि त्याच्या मस्तकाचे अवघ्राण करून त्याला पोटाशी धरते. आजची आई मुलाच्या बॅगेत लोकरी मोजे, हळदीची पूड आणि सुंठेची वडी कोंबते, तेव्हा ती कौसल्येचेच स्वस्त्ययन करीत असते. मुलांनी 'तिकडे सगळे मिळते' असे म्हणून ते बाजूला सारू नये.

याच कांडात याहून एक विलक्षण प्रसंग आहे. श्रीराम निघताना दशरथाच्या अंतःपुरातील साडेतीनशे मातांपुढे हात जोडून उभे राहतात. एकत्र राहत असताना माझ्याकडून नकळत काही कठोर बोलले गेले असेल, काही उणे वागले गेले असेल, तर त्याची मला क्षमा असावी, अशा आशयाची ते प्रार्थना करतात. ज्यांच्या मुखातून कधी कटू शब्द निघाला नाही त्यांनी ही क्षमा मागितली! निरोप घेणे म्हणजे केवळ 'निघतो' असे सांगणे नव्हे. सहवासात मनाला जे काही ओरखडे उमटले असतील ते पुसून मग उंबरा ओलांडणे, हा निरोपाचा खरा विधी आहे. हा विधी पत्राने किंवा दूरध्वनीने पुरा होत नाही. त्यासाठी पाय झिजवून त्या घरी जावे लागते.

समुद्र लंघणाऱ्या हनुमंताचेही उदाहरण आहे. सुंदरकांडाच्या आरंभी महेंद्र पर्वतावर उभा राहून तो उड्डाणाची सिद्धता करतो. अंगी अपार बळ आहे, कार्य तातडीचे आहे, तरीही तो आधी सूर्य, इंद्र, वायू आणि ब्रह्मदेव यांना वंदन करतो आणि पुन्हा पूर्वेकडे तोंड करून आपल्या पित्याला, वायूला, हात जोडतो. मगच झेप घेतो. उंच भरारी मारू पाहणाऱ्या तरुणांनी हे चित्र मनात ठेवावे.

एका घराची हकीगत

आता आमच्या आप्तांतील एक हकीगत सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही.

आमच्या थोरल्या चुलत बंधूंचा नातू शिक्षणासाठी जर्मनीस निघाला होता. प्रयाण मार्च २०२३ मध्ये होते, परंतु नोकरीतून मिळालेली सणाची शेवटची रजा २०२२ च्या दिवाळीची. हाती दिवस चार. घरच्यांनी प्रथम बेत केला की, शहरातील एक कार्यालय घेऊन सर्व नातेवाइकांना तेथेच जेवायला बोलवावे, म्हणजे एका दुपारीत सर्वांच्या भेटी उरकतील. पण गुडघे धरलेल्या आजी, अंथरुणाला खिळलेले काका, घर सोडून निघू न शकणाऱ्या मावशी तेथे कशा येणार? ज्यांना भेटणे सर्वांत अगत्याचे, तीच माणसे अशा समारंभातून गळतात. बेत फिरला आणि घरांची यादी करण्यात आली. यादीत नऊ घरे होती. एक घर नव्हते.

ते घर आमच्या या बंधूंच्या धाकट्या भगिनीचे, म्हणजे मुलाच्या आत्याआजीचे. विहिरीकाठच्या शेताच्या वाट्यावरून भाऊबहिणीत वितुष्ट आले होते. बारा वर्षे भाऊबीज झाली नव्हती. दोघेही पापभीरू, दोघेही नित्य पूजाअर्चा करणारी. पण दोघांपैकी कोणीही पहिले पाऊल टाकीना. मुलगा लहान असताना सुट्टीत त्याच आत्याआजीच्या अंगणात वाढलेला. तो आमच्याकडे नमस्काराला आला, तेव्हा त्याने विचारले, 'आजोबा, मी तिकडे गेलो तर घरी वाईट वाटेल; नाही गेलो तर मला आयुष्यभर वाईट वाटेल. काय करू?'

आम्ही त्याला साडेतीनशे मातांचा प्रसंग सांगितला. त्या मातांत कैकेयीच्या महालाशी लागून असलेल्याही असतील. रामाने निवड केली नाही, असे म्हणालो. निर्णय त्याच्यावर सोपविला. त्याने घरी जाऊन आजोबांना शांतपणे सांगितले, 'मी द्वितीयेला आत्याआजीकडे जेवायला जाणार आहे.' त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सकाळी तो निघाला तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा धोतर नेसून, टोपी घालून ओसरीवर बसलेले होते. 'शास्त्रात भावाने बहिणीकडे जेवायचे सांगितले आहे, नातवाने नव्हे,' एवढेच ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

पुढचे आम्हांस मुलानेच सांगितले. आत्याआजी दारात आली, भावाला पाहून क्षणभर चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, 'दादा, पाट मांडते.' शेताचा विषय कोणी काढला नाही. तिने दोघांना ओवाळले. बंधूंनी तबकात ओवाळणी घातली. जेवताना तिने नातवाला विचारले, 'तिकडे ज्वारी मिळते का रे?' निघताना मेतकुटाची पुरचुंडी आणि खणाच्या तुकड्यात बांधलेला कुलदेवीचा अंगारा त्याच्या हाती दिला. शेताचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. तो आजही कागदोपत्री तसाच आहे. परंतु बोलणे सुरू झाले, संक्रांतीला तिळगूळ आला, शिमग्याला पुरणपोळी गेली.

२०२३ च्या आषाढात आत्याआजी निवर्तली. मुलगा तेव्हा एल्बे नदीकाठच्या शहरात होता. त्याने अपरात्री फोन करून विचारले, 'मला अशौच किती?' आम्ही त्याला सांगितले की, ती विवाहानंतर परगोत्रात गेलेली असल्याने तुला दशाह नाही, स्नान पुरे. त्याने स्नान केले, खोलीत दिवा लावला आणि ज्या कपाटात मेतकुटाचा डबा होता त्याच्यापुढे बराच वेळ बसून राहिला, असे त्याने मागाहून सांगितले. तो म्हणाला, 'आजोबा, मी जेवून आलो होतो, एवढे एक बरे झाले.'

सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असे कोणा वाचकास वाटेल. परंतु शास्त्रकारांनीही तो टाळलेला नाही. दूर देशी असलेल्या सपिंडास दहा दिवसांच्या आत वार्ता कळली तर उरलेलेच दिवस अशौच, दहा दिवसांनंतर कळली तर तीन रात्री, वर्षानंतर कळली तर केवळ स्नान, अशी व्यवस्था मनूने सांगितली आहे. माणसे दूर जातील आणि घरची वार्ता त्यांना उशिरा कळेल, हे तेव्हाही गृहीत होते. आज वार्ता क्षणात कळते. पण माणूस क्षणात पोहोचत नाही. म्हणून ज्या भेटी घ्यावयाच्या त्या जाण्यापूर्वीच घ्याव्यात.

प्रस्थान आणि 'येतो'

आपल्या कुळाचारांत प्रवासाला निघण्याचे जे संकेत आहेत त्यांतील प्रत्येकाला अर्थ आहे. निघताना 'जातो' म्हणावयाचे नाही, 'येतो' म्हणावयाचे. हातावर दही घालावयाचे. कुलदैवताचे दर्शन घेऊन अंगारा जवळ ठेवावयाचा. लेक परदेशी सासरी निघाली तर माहेरी तिची ओटी भरावयाची, ती पाच मुठी तांदळांनी का होईना.

प्रस्थान ठेवण्याची चालही अशीच सुंदर आहे. प्रत्यक्ष निघण्याच्या दिवशी सुमुहूर्त नसेल, तर आधीच्या शुभ वेळी सुपारी, अक्षता, वस्त्र असे काही शेजारी वा आप्तांच्या घरी नेऊन ठेवतात आणि निघताना ते उचलून पुढे जातात. विमानाची वेळ आपल्या हाती नसते, म्हणून आजच्या काळात तर ही चाल अधिकच सोयीची आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. पंढरीची एवढी दीर्घ वाट समोर असते, परंतु पहिला मुक्काम कोठे? आळंदीतच, पूर्वीच्या गांधीवाड्याच्या जागी, आजोळघरी! माउलीसुद्धा आजोळी एक रात्र राहून मगच वाटेला लागते. दूर निघालेल्या मुलांना याहून सोपा दाखला कोणता द्यावा?

कालिदासाच्या शाकुंतलात कण्वमुनी आणि आश्रमवासी शकुंतलेला पोहोचवावयास निघतात, तेव्हा जिवलगाला जलाशयाच्या काठापर्यंत पोहोचवावे, मग परतावे, या श्रुतीची आठवण शार्ङ्गरव त्यांना देतो. आज तो काठ म्हणजे विमानतळाचे दार. तेथे पोहोचविणाऱ्यांनी धीर धरावा. कण्वांसारख्या विरक्ताचाही कंठ दाटला, तर संसारी माणसाचा दाटणारच. परंतु त्यांनी शेवटी आशीर्वादच दिला, अडविले नाही. आईवडिलांनीही आपले एकटेपण मुलाच्या बॅगेत बांधून देऊ नये.

तिकडे तिथी कशी पाळावी

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांमधील बारा अंशांचे अंतर. ती सुरू होण्याचा व संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, परंतु सूर्योदय-सूर्यास्त प्रत्येक ठिकाणी निराळे. त्यामुळे येथील सण आणि अमेरिकेतील सण यांत कधी कधी एका दिवसाचे अंतर पडते. यात घोटाळा काही नाही. ज्या गावी राहावयाचे तेथील सूर्योदयावरून केलेले पंचांग वापरावे. यमद्वितीयेस अपराह्णकाळी द्वितीया असावी, हा नियम तेथेही लागू आहे. ते जमत नसेल तर घरी ज्या दिवशी भाऊबीज असेल त्या दिवशी बहिणीचे औक्षण दूरध्वनीच्या पडद्यावरून स्वीकारावे. हिवाळ्यात जर्मनीची घड्याळे आपल्या साडेचार तास मागे असतात. इकडे सायंकाळी साडेसातला निरांजन लागले तर तिकडे दुपारचे तीन वाजलेले असतात.

संकल्पात देशकालाचा उच्चार करावा लागतो. आपल्याकडे गोदावरीच्या अमुक तीरी असे म्हणतात. तिकडे त्या देशाचे आणि जवळच्या नदीचे नाव घ्यावे. नदी कोणतीही असो, पाणी हे नारायणाचेच रूप आहे. ऑस्ट्रेलियात कार्तिकात शरद नसून वसंत बहरलेला असतो, हेही ध्यानात असू द्यावे आणि त्याने बावरून जाऊ नये. एकटे वाटू लागले तर तेथील मराठी मंडळींत जावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. आपल्या आधी गेलेल्यांनी वाट घालून ठेवली आहे.

परतण्याचाही एक विधी आहे, आणि तो आम्हांस सर्वांत प्रिय आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात प्रवासाहून आलेल्या पित्याने पुत्राचे मस्तक हाती धरून मंत्र म्हणावा आणि तीनदा अवघ्राण करावे, असे सांगितले आहे. हा माझ्याच अंगाअंगातून झालेला आहे, असा त्या मंत्राचा आशय. आज जाणारा बहुधा पुत्र असतो आणि वाट पाहणारा पिता. भूमिका बदलल्या, तरी विधीचा भाव बदलत नाही. सूत्रकारांनी जाण्याबरोबर येण्याचीही तरतूद करून ठेवली आहे, हे जाणाऱ्याने आणि वाट पाहणाऱ्यानेही विसरू नये.

वाचकहो, यंदाच्या दिवाळीत आपल्या घरात कोणी दूरदेशीच्या प्रवासाच्या सिद्धतेत असेल, तर त्याच्या यादीत एक घर राहून तर गेले नाही ना, हे पाहा. सर्वांत वयोवृद्धांकडे आधी जावे, रुसलेल्यांकडे मुद्दाम जावे, आणि कोणत्याही घरी पाच मिनिटे का होईना, पाटावर किंवा सतरंजीवर टेकून घोटभर पाणी प्यावे. बहिणीने वाढलेले पान यमालाही नाकारता आले नाही. दूर जाणाऱ्या सर्व मुलामुलींना पांडुरंग सुखरूप नेवो, सुखरूप आणो, आणि त्यांची वाट पाहणाऱ्या वृद्ध नेत्रांना त्यांचे मुख पुन्हा पाहण्याचे भाग्य देवो, हीच या दीपोत्सवी आमची प्रार्थना.